मुक्काम करंजशेत

आमचं चालणं सहा दिवसांचं असतं आणि मुक्काम ठरवणं आठ दिवसांचं. दर जानेवारीत आम्ही तिघे कशेळीहून त्र्यंबकेश्वरला पायी जातो. देवासाठी जातो असं लोकांना वाटतं आणि आम्ही तसं वाटू देतो, कारण खरं सांगितलं तर लोक हसतात. सात वर्षांपूर्वी दाजींच्या हृदयात स्टेंट बसवला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, ‘चालत जा.’ दाजींनी विचारलं, ‘किती?’ डॉक्टर घाईत होते. ‘जमेल तितकं,’ म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. दाजींना दीडशे किलोमीटर जमतं.

दाजी म्हणजे तुळशीराम, माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. वय सदुसष्ट. कशेळीला खाडीकाठी त्यांची भाताची खाचरं होती, तिथे आता त्यांची तीन गोदामं आहेत. मी केसरीनाथ. नारपोलीच्या लुमांत चाळीस वर्षं जॉबर होतो, म्हणजे अडलेला माग दुरुस्त करून चालू करणारा. लुमांच्या खटखटाटात आयुष्य गेल्यामुळे मला हळू बोलता येत नाही, हा माझा दोष मला मान्य आहे. तिसरा राकेश, दाजींचा पुतण्या. वय बेचाळीस, दोन टेम्पो आणि एक पोट. पोट कमी व्हावं म्हणून त्याच्या बायकोने त्याला आमच्यात घातलाय. गेल्या सहा वर्षांत ते झालेलं नाही.

मुक्काम ठरवण्याचं काम दाजींचं. त्यात ते कोणाचं ऐकत नाहीत. डिसेंबर संपत आला की मोटरसायकल काढून सगळ्या रस्त्यावर एकदा फिरून येतात आणि प्रत्येक जागा स्वतः बघतात. आधी जमिनीवर तळहात टेकवून दोन मिनिटं बसतात. गोदामवाल्याची सवय आहे ही. जमिनीला ओल असली की खोकी खालून मऊ पडतात, आणि दाजींच्या मते माणसाच्या पाठीचंही तेच होतं. मग पाणी स्वतः काढून पितात. मग कुत्री मोजतात. राकेशच्या अटी दोनच असतात, बसायचा संडास आणि मोबाइल लावायला प्लग. त्या कोणी विचारात घेत नाही.

आता खरं सांगायचं तर पहिल्या दिवसाच्या मुक्कामासाठी एवढं फिरायची काही गरज नव्हती. कशेळीहून निघून काल्हेर, नारपोली, नदीनाका करत वाडा रोडला लागलं की आनगावच्या थोडं पुढे करंजशेत लागतं. चोवीस किलोमीटर. पहिल्या दिवसाला बरोबर. तिथे अगदी रस्त्यालगत एक दुमजली घर आहे, बोअरचं गोड पाणी, कोरडी फरशी, चार पलंग, गीझर. दाजींच्या सगळ्या परीक्षांत ते घर पहिल्या नंबराने पास झालं असतं. पण दाजी सहा वर्षांत त्या घराकडे फिरकले नव्हते. कवाडला पोचलो की ते आम्हाला उजवीकडे डोंगराच्या वाटेला घालायचे आणि अठ्ठावीस किलोमीटर चालवून त्यांच्या ओळखीच्या वाघ्याच्या पाड्यावर झोपवायचे. दुसऱ्या दिवशी मुख्य रस्त्याला येण्यात आणखी एक तास जायचा.

करंजशेतचं ते घर दाजींच्या मुलीचं. तिचं नाव पूर्वी, माझी एकुलती एक भाची.

आमच्यात जुनी रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी जेवायचं नाही, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, मुक्काम तर दूरच. मूल झालं की मग मानाने जायचं आणि पोटभर जेवून यायचं. हल्ली फारसं कोणी पाळत नाही. दाजी पाळतात. त्यांच्या लहानपणी त्यांच्या थोरल्या बहिणीला चार वर्षं मूल नव्हतं. बाप होडीने लेकीला बघायला जायचा, तेव्हा आठ वर्षांच्या तुळशीरामला बरोबर न्यायचा, आणि दोघे गावाबाहेर चिंचेखाली बसून घरून बांधून आणलेली भाकरी खायचे. मग भाचा झाला, आणि बाप तीन दिवस लेकीकडे राहिला, जेवला, नाचला. ही गोष्ट दाजींनी मला निदान पन्नास वेळा सांगितली असेल. प्रत्येक वेळी तीन दिवस काय काय जेवले ते सविस्तर.

पूर्वीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. मूल नाही.

मामाला अशी काही बंदी नसते. मी महिन्यातून एकदा तिच्याकडे जातो आणि दाबून जेवतो. आक्काने पहिली दोन वर्षं रीत पाळली, मग एक दिवस म्हणाली, ‘मी काय दगड हाय?’ आणि जाऊन जेवून आली. तेव्हापासून ती नारपोलीला कापड घ्यायला जाते असं सांगून करंजशेतला जाते. नारपोलीहून तिने आणलेलं कापड अजून कोणी पाहिलेलं नाही. दाजीही ते बघायला मागत नाहीत.

डिसेंबरात मला पूर्वीचा फोन आला.

“मामा, बसलायस का उभा हायस?”

“उभा.”

“मग बस.”

मी बसलो. तिने सांगितलं, की ठाण्याच्या डॉक्टरांकडचे उपचार तिने आणि देवेशने बंद केले. पाच वर्षं झाली, तीनदा करून बघितलं, आता शरीराला आणखी त्रास द्यायचा नाही. देवेश तिचा नवरा. काल्हेरच्या एका गोदामात शिफ्टला असतो, भला माणूस आहे. ती रडत नव्हती. ती घरी शिवणक्लास घेते, मागे मशीन चालू असल्याचा आवाज येत होता.

“बाबा मूल व्हायची वाट बघतोय,” ती म्हणाली. “आता मूल होणार न्हाय. म्हणजे बाबा माझ्या घरी कधीच जेवणार न्हाय. बरोबर ना?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“या वर्षी पहिला मुक्काम माझ्याकडे करायचा. तू त्याला तयार कर. पण मुलाचं त्याला सांगायचं न्हाय. माझी कीव येऊन आलेला मला चालणार न्हाय. यायचं तर मी त्याची मुलगी हाय म्हणून यायचं.”

मी हो म्हटलं. हो म्हणण्यात माझा कोणी हात धरणार नाही.

निघायच्या आधीच्या रविवारी दाजींच्या पडवीत आमची बैठक बसली. राकेशने फोनवर नकाशा उघडला होता. मी अगदी सहज बोलतोय असं दाखवत म्हटलं, “दाजी, आता वय झालं. पहिल्या दिवशी अठ्ठावीस जास्त होतात. करंजशेतला थांबू.”

“वाडा रोडला धूळ हाय,” दाजी म्हणाले.

“आपण घरात असणार.”

“डंपर चालतात रातभर.”

“काका, डंपर रस्त्यावरून चालतात, माडीवरून नाही,” राकेश म्हणाला. त्याला गीझर दिसत होता.

“तितं शेजारी कुत्रा हाय. जाम भुंकतो.”

आक्का चहा घेऊन आली होती. “तो कुत्रा चैतात मेला,” ती म्हणाली आणि कप ठेवून आत गेली.

करंजशेतच्या शेजाऱ्याचा कुत्रा कधी मेला हे आक्काला कसं ठाऊक, असं दाजींनी विचारलं नाही. त्यांनी बशीत चहा ओतला. राकेशचं निम्मं आयुष्य ठाण्यात गेलंय, त्यामुळे कुठे गप्प बसायचं हे त्याला कळत नाही.

“काका, ते मुलीकडे पाणी न प्यायचं, त्याच्यामुळे का? आता कोण पाळतं ते?”

“मी पालतो,” दाजी म्हणाले. “पयला मुक्काम वाघ्याकडं.”

बैठक संपली. पूर्वीला मी फोनवर सांगितलं, बघतो, अजून दिवस आहेत. दिवस चारच होते.

निघालो त्या दिवशी पहाटे थंडी बऱ्यापैकी होती. कशेळीपासून अंजूरफाट्यापर्यंत आम्हाला कंटेनरच्या रांगेच्या कडेकडेने चालावं लागतं. ड्रायव्हर लोक केबिनमधून खाली बघत असतात. नारपोलीत लुमांची रात्रपाळी सुटत होती. माझ्या ओळखीच्या चहावाल्याने विचारलं, “चाचा, फिर निकल पडे? गाडी से जाओ ना, तीन घंटे में पहुँच जाओगे.” दर वर्षी तो हेच सांगतो आणि दर वर्षी दाजी त्याला म्हणतात, “गाडी से जायेगा तो फिर छह दिन क्या करेगा?” त्यानंतर नदीनाक्याचा पूल, शेलार, आणि ऊन चढलं तसा वाडा रोड. धुळीबद्दल दाजी खोटं बोलले नव्हते. रस्त्याचं काम चालू होतं, आणि ते मला आठवतंय तेव्हापासून चालू आहे.

दाजी पुढे, मी मध्ये, राकेश मागे असा आमचा क्रम असतो. त्या दिवशी राकेश पुढे होता. एकदा नकाशावर करंजशेत दिसल्यावर त्याच्या पायांत बळ आलं होतं. मी वाटेत दोनदा विषय काढला. एकदा दाजी म्हणाले, बुटात खडा गेलाय. दुसऱ्यांदा म्हणाले, दुसऱ्या बुटात गेलाय.

कवाडला बारा वाजले. तिथे रस्ता फुटतो. डावीकडे वाडा रोड सरळ आनगावकडे जातो आणि उजवीकडे डोंगराकडे एक बारीक डांबरी जाते. राकेश सवयीने डांबरीकडे वळला आणि तीसेक पावलं पुढे जाऊन आमच्याकडे आशेने बघत थांबला. दाजी फाट्यावर आले. त्यांनी डावीकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. सरळ उजवीकडे चालू लागले.

मला राग आला. खूप आला. तिकडे ती पोरगी सकाळपासून चार पलंगांवर धुतलेल्या चादरी घालून बसली असणार, हे मला दिसत होतं. आणि हा माणूस मानही वळवत नव्हता.

“दाजी!” मी म्हटलं. “पूर्वीला आता मूल होणार नाही. डॉक्टर बंद केले त्यांनी. तुम्ही कशाची वाट बघताय?”

माझ्या मते मी हे हळू म्हटलं होतं. तीस पावलांवर राकेशने खाली बसकण मारली, आणि फाट्यावरच्या टपरीतला माणूस बाहेर येऊन बघू लागला.

दाजी थांबले. पाण्याची बाटली काढून त्यांनी तिचं झाकण उघडलं, मग न पिता तसंच परत लावलं. ते घट्ट बसलंय की नाही ते दोनदा तपासलं. मग डोंगराच्या दिशेने चालू लागले. मी दिलेला शब्द मोडला होता आणि त्याचा उपयोगही शून्य झाला होता. दाजी एवढे भरभर चालत होते की मला त्यांच्या स्टेंटची काळजी वाटायला लागली.

वाघ्याच्या पाड्यावर आम्ही दोनच्या सुमारास पोचलो. डोंगराच्या पायथ्याशी दहा-बारा घरं, वारली वस्ती. वाघ्या दाजींच्याच वयाचा. पावसाळ्यात शेती आणि एरवी मिळेल ती मजुरी. त्याच्याशी दाजींची ओळख जुनी आहे, खाचरांत लावणीला तो येत असे तेव्हापासूनची. घरात त्याची मुलगी सोनी आणि जावई किशन. सहा वर्षं आम्ही यांच्याच अंगणात झोपत होतो आणि सोनीच्या हातची नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण खात होतो. दाजी डिसेंबरात येऊन जागा बघून गेले होते, पण तेव्हा नवं घर अर्धंच झालं होतं. आता ते पुरं झालं होतं. जुन्या कुडाच्या जागी विटांच्या भिंती, वर पत्रा, सगळीकडे गुलाबी रंग. दाराशेजारी भिंतीवर घरकुल योजनेचं नाव रंगवलेलं होतं, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत: लाभार्थी, सोनी किशन वरठा.

राकेशने आधी बूट काढले, मग तो स्वतः आडवा झाला. सोनीने चहा ठेवला आणि तांदूळ निवडायला घेतले. दाजी सवयीप्रमाणे नव्या फरशीवर तळहात टेकून बसले होते, पण त्यांचं लक्ष भिंतीकडे होतं.

“वाघ्या,” ते म्हणाले, “घर तुजं न नाव पोरीचं कसं?”

“माजा कवा व्हता?” वाघ्या म्हणाला. “ह्या सोनीचाच घर हाय.”

“आदीचं कुडाचं?”

“त्या पन हिचाच. म्हंजे किशनचा न हिचा. माजा घर त्या वरच्या अंगाला व्हता. बायको मेली, मंग पडला. बारा वर्सा झाली. तवापासना मी हिच्याकडं.”

दाजींनी त्याच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत आम्ही कोणी त्याला विचारलंच नव्हतं. म्हातारा माणूस घरात दिसला, म्हणजे घर त्याचं आणि लेक-जावई त्याच्याकडे राहतात, हे आम्ही आमच्याकडच्या हिशेबाने धरून चाललो होतो.

“मंग तू लेकीच्या घरचं खातोस?” दाजींनी विचारलं.

वाघ्याला प्रश्न कळला नाही. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सोनीकडे.

“मंग कोनाचा खाऊ?”

“न्हाय, तसं न्हाय. पयल्यांदा कवा जेवलास हिच्याकडं? पोर झाल्यावर?”

“पोर मागनं झाला, चार वर्सांनी,” वाघ्या म्हणाला. मग त्याने डोळे बारीक करून आठवायचा प्रयत्न केला. “लग्नाच्या दुसऱ्या दिशी जेवलू. लगीन हितंच व्हता न. भात उरला व्हता मोप. सोनी म्हंगाली, बा, जेवून जा. मंग जेवलू.”

“कोन काय बोललं न्हाय?”

“काय बोलंल? भात व्हता चांगला.”

सोनी तांदूळ निवडता निवडता हसायला लागली. “आमचा बा दुसऱ्या दिशी जेवला न तिसऱ्या दिशी परत आला,” ती म्हणाली. “बोलला, भात हाय काय?”

वाघ्याही हसला. किशन सरपण घेऊन येत होता, त्याला काय झालं ते कळलं नाही तरी तोही हसला. दाजी हसले नाहीत. त्यांनी चहा प्यायला. कप खाली ठेवला. बराच वेळ ते भिंतीवरच्या नावाकडे बघत बसले. त्या दिवसापुरतं माझं बोलून झालं होतं.

मग ते उठले आणि पाठीला पिशवी लावली.

“हितना करंजशेत किती पडंल?” त्यांनी किशनला विचारलं.

“मधल्या वाटनं सा किलोमीटर. शेतांतना.”

“चला,” दाजी आम्हाला म्हणाले.

राकेशने झोपल्या झोपल्या फक्त डोळे उघडले. त्याने बूट काढून अर्धा तास झाला होता, आणि एकदा काढलेले बूट पुन्हा त्याच दिवशी घालायचे नसतात असं त्याचं ठाम मत आहे. करंजशेतला दुपारीच चोवीस किलोमीटरमध्ये पोचता आलं असतं, आता एकूण चौतीस होतील, हे त्याने आम्हाला नकाशावर दाखवलं. ते आम्हाला माहीत होतं. शेवटी मी त्याला गीझरची आठवण करून दिली.

सोनी मात्र रागावली. “भात टाकतेय मी तुमच्या जीवावर,” ती म्हणाली. “आता कोन खाईल?”

“मी खाईन,” वाघ्या म्हणाला.

“बाय, मी लेकीकडं चाललोय,” दाजी तिला म्हणाले. सोनीने एकदा त्यांच्याकडे नीट बघितलं आणि तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. वाट चुकू नये म्हणून किशन पहिल्या ओहोळापर्यंत आमच्याबरोबर आला.

कापणी होऊन गेलेल्या खाचरांतून बांधाबांधाने वाट जात होती. ऊन उतरलं होतं. दाजी आता सावकाश चालत होते. मी त्यांच्या मागे होतो, आणि मला सारखं वाटत होतं, की हे मध्येच कुठेतरी थांबतील आणि परत फिरतील. एका ठिकाणी विहीर होती, एक बाई पाणी शेंदत होती. राकेश आणि मी पाणी प्यालो. तिने दाजींपुढे कळशी धरली. दाजी मानेनेच नको म्हणाले. त्यांच्या बाटलीत पाणी होतं, तेही त्यांनी कवाडपासून तोंडाला लावलेलं नव्हतं.

करंजशेतला पोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. वाडा रोडवरचे डंपर धूळ उडवत चालले होते. पूर्वीचा क्लास नुकताच सुटला होता, दोन-तीन मुली चपला घालून निघत होत्या. पूर्वी दारात उभी होती. आम्ही तिघे फाटकातून आत आलो. तिने आधी राकेशला बघितलं, मग मला, मग तिच्या बापाला. तिच्या हातात कापडाचा तुकडा होता, त्याची तिने उगाचच दोनदा घडी घातली.

“पाणी आणते,” ती म्हणाली.

ती ट्रेमध्ये तीन पेले घेऊन आली. आम्ही ओट्यावरच उभे होतो. राकेशने घेतला. मी घेतला. ट्रे दाजींपुढे आला. दाजींनी हात पुढे केला, आणि पूर्वीने ट्रे मागे घेतला.

ती माझ्याकडे बघत होती. “मामा, तू सांगितलंस.”

मी पेल्यात बघितलं.

“वाटलंच मला. सहा वर्षं पाड्यावर झोपतोय, आणि आजच कसा आला.” मग ती दाजींकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता. “बाबा, खरं सांग. कीव आली म्हणून आलास ना? बिचारीला मूल होणार न्हाय, तर जाऊन एक घोट पिऊन येऊ, तिला बरं वाटेल. तसं असेल तर मला नको. वाघ्याकडे परत जा. टेम्पो करून देते.”

राकेशने रिकामा पेला कठड्यावर ठेवला आणि फाटकापर्यंत जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला कुठे थांबायचं नसतं ते कळलं.

दाजींनी पुढे केलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, “कीव आली. खोटं न्हाय बोलनार. कवाडला केसरी बोलला, तवाच आली. पन तवा मी पाड्यावरच गेलो. कीव घिऊन हितं यायचं मना पन नको होतं.”

“मग?”

“मना वाटायचं, तुना पोर होईल, मंग मी येन. तीन दिस ऱ्हान. आमचा बापूस ऱ्हायला तसा. त्या दिसाची मी वाट बगायचो. तू नाय वाट बगत होतीस, तेवडी मी बगायचो.” ते थांबले. “न मी हिकडनं जायचो न्हाय, कारन तुज्या दारावरना गेलो असतो न, तर मना ऱ्हावलं नसतं. मी आत आलो असतो. म्हनून लांबनं जायचो. सा वर्सं या दोगांना उगाच चालवलं.”

पूर्वीने ट्रे कठड्यावर आपटून ठेवला. पेल्यातलं पाणी ट्रेमध्ये सांडलं.

“मग यायचं होतंस,” ती म्हणाली. “राहवलं नसतं तर यायचं होतंस! तुला कोणी अडवलं होतं? मी? देवेशने? मी दर वर्षी त्या खिडकीत उभी राहायची, माहीत हाय तुला? दुपारभर. आज जातील रस्त्यावरून, आज जातील. नऊ वर्षं बाबा. आई चोरून येते माझ्याकडे. चोरून. मी काय पाप केलंय?”

“काय न्हाय केलं. मी चुकलो.”

हे शब्द मी दाजींच्या तोंडून चाळीस वर्षांत ऐकलेले नव्हते. आक्काने तर नक्कीच नाही. माझे डोळे भरून आले, आणि ते मी लपवायचा प्रयत्न केला नाही.

“वाघ्या लग्नाच्या दुसऱ्या दिशी जेवला लेकीकडं,” दाजी पुढे म्हणाले. “मना कोनी शिकवलंच न्हाय ते.”

पूर्वीला वाघ्याचं काय ते कळलं नाही, पण तिने विचारलं नाही. ट्रेमधला तिसरा पेला उचलून तिने त्यातलं पाणी ओट्याखालच्या कुंडीत ओतून टाकलं.

“इथे उभ्याने मिळणार न्हाय,” ती म्हणाली. “प्यायचं तर आत ये. आत बसून पी.”

ती आत गेली. दाजी उंबऱ्यापाशी गेले आणि बूट काढायला वाकले. चौतीस किलोमीटर चालल्यावर सदुसष्ट वर्षांच्या माणसाची कंबर वाकत नाही. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. नाडीला गाठ बसली होती, ती सुटेना. मी पुढे होणार होतो. पण तेवढ्यात ते सरळ झाले आणि बुटांसकट आत गेले. डोंगरापासून शेतापर्यंतची सगळी माती त्या स्वच्छ फरशीवर उमटली. देवेशलासुद्धा पाय धुतल्याशिवाय आत न घेणारी पूर्वी ते ठसे बघूनही माठाकडे वळली.

मी दारातून बघत होतो. दाजी स्वयंपाकघरात तिच्या टेबलाशी बसले. तिने माठातून पेला भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, एका दमात रिकामा केला आणि पुन्हा तिच्यापुढे धरला.

“आजून,” ते म्हणाले.